चालता ट्रक मध्येच बंद का पडतो? जुन्या डिझेल गाडीतला विजेचा लपलेला दोष कसा पकडायचा

जुलैतली रात्र. गोव्यात साखळीहून होंड्याकडे जाताना खडीने भरलेला माझा टिपर चढावर बंद पडला. आचका नाही, धूर नाही, इंजिन गुदमरल्याचा आवाज नाही. कोणीतरी चावी फिरवून बंद करावा, तसा बंद. पाऊस ओतत होता. मी हँडब्रेक ओढला, क्लिनरने धावत जाऊन मागच्या चाकांना दगड लावले. चावी फिरवली तर सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) दणदणीत फिरला आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू! पुढे वाळपईपर्यंत काही झालं नाही. चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार, या वेळी उसगावजवळ.

पुढचे दोन महिने मी या एका दोषामागे घालवले. गॅरेजात नेली की गाडी ठणठणीत. मेकॅनिकने डिझेल फिल्टर बदलला, फीड पंप बदलला, पाईपांचे वायसर बदलले. मग कोणी म्हणालं बॅटऱ्या गेल्या, म्हणून दोन्ही बॅटऱ्या नव्या घातल्या. शेवटी डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवायची गोष्ट निघाली, तेव्हा मी फोंड्याकडच्या एका वयस्कर वायरमनकडे गाडी नेली. त्याने बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, “बाब, ही गाडी दिवसाउजेडी, कोरड्या रस्त्यावर कधी बंद पडली?”

मी आठवून पाहिलं. एकदाही नाही. दर वेळी रात्र तरी होती, नाहीतर मुसळधार पाऊस.

“मग डिझेल पंपाला हात लावू नको,” तो म्हणाला. “पंपाला रात्र-दिवस कळत नाही.”

त्या एका प्रश्नाने माझं पुढचं नुकसान वाचवलं. तो प्रश्न त्याला का सुचला आणि पुढे त्याने दोष कसा पकडला, हे आपल्या भागातल्या ट्रकवाल्यांना कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. मधूनच येणारा दोष सापडत नाही, याचं मोठं कारण म्हणजे गाडी बरी असताना आपण तिला तपासतो. ती आजारी असते त्या चार सेकंदांत तिच्याकडे बघणारं कोणी नसतं.

डिझेल इंजिनाला वीज लागते तरी कुठे?

पेट्रोल गाडीला दर स्फोटाला ठिणगी लागते, म्हणजे तिचं विजेशिवाय पानच हलत नाही. डिझेलचं तसं नाही. सिलिंडरमधली हवा पिस्टन इतकी दाबतो की ती पंधरा-वीस पट आकसते आणि दाबामुळेच प्रचंड तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलने डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. जुन्या गाड्यांत डिझेल पंप इंजिनाच्या गिअरवरच फिरतो, नोझल पंपाच्या दाबाने उघडतात. या सगळ्यात वीज कुठेच नाही.

मग ती लागते कुठे? गाडी चालू करताना सेल्फला. आणि चालू झाल्यावर एकाच ठिकाणी, डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडला. ज्याला आपण ‘स्टॉपर’ म्हणतो तो. त्याच्या आत तारेची गुंडाळी आणि लोखंडी दांडा असतो. वीज वाहिली की गुंडाळी चुंबक बनते आणि दांडा ओढते. वीज तुटली की स्प्रिंग दांड्याला परत ढकलते.

इथे पहिली गाठ सोडवून घ्या. तुमच्या ट्रकाला स्टॉपची ओढायची केबल असेल आणि विजेचा सोलेनॉइड मुळीच नसेल, तर चालती गाडी बंद पडण्यात विजेचा हात जवळजवळ नसतोच. वायरिंगवर एक रुपयाही खर्च करू नका. डिझेल आणि हवेकडे बघा. सोलेनॉइड असेल तर तो दोनपैकी कोणत्या जातीचा ते ओळखा. एका जातीला गाडी चालू ठेवण्यासाठी सतत वीज लागते. वीज तुटली की डिझेल बंद. दुसऱ्या जातीला गाडी बंद करण्यापुरतीच वीज लागते. तिची वायर तुटली तर उलट गाडी बंदच होत नाही. ओळखणं सोपं आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, स्लोवर चालू ठेवा आणि सोलेनॉइडची वायर काढा. वायरचं टोक कुठे टेकू देऊ नका. इंजिन बंद पडलं तर पहिली जात, चालत राहिलं तर दुसरी. मधूनच बंद पडणाऱ्या गाडीत विजेचा दोष असेल, तर तो पहिल्या जातीतच शोधायचा.

आधी टाकीचं झाकण

वायरिंगकडे जाण्यापूर्वी एक मिनिटाचं काम. टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. आपल्याकडच्या लाल धुळीने ते बुजतं. मग पंप डिझेल ओढत राहतो, टाकीत पोकळी होते, आणि अर्ध्या-पाऊण तासाने इंजिनाला डिझेल मिळेनासं होतं. गाडी दहा मिनिटं उभी केली की फटीतून हवा हळूहळू आत जाते आणि गाडी पुन्हा चालू. हुबेहूब विजेच्या दोषासारखं सोंग! गाडी बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. हवा ‘सूंऽऽ’ करून आत गेली तर चोर सापडला. खनिजाच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावलेल्या गाड्यांत हे मी स्वतः दोनदा पाहिलं आहे.

एरवी डिझेलची अडचण आणि विजेची अडचण यांची मरणाची पद्धत वेगळी असते. डिझेल कमी पडलं किंवा पंपाने एअर घेतली की गाडीची ओढ आधी कमी होते, इंजिन वरखाली होतं, खोकतं, मग मरतं. परत चालू करायला सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, कधी हातपंपाने एअर काढावी लागते. विजेने मेलेलं इंजिन चालता चालता स्वच्छ बंद होतं आणि बहुतेक वेळा लगेच, एका झटक्यात चालू होतं. माझ्या गाडीत पहिल्या रात्रीच हे दिसलं होतं. पण मला ते वाचता आलं नव्हतं.

वीज ‘आहे’ आणि वीज ‘वाहते’ यांत फरक आहे

यापुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

कुळागरात (पोफळीच्या बागेत) पाणी घालायचा रबरी पाईप डोळ्यांसमोर आणा. पाईप मध्ये कुठेतरी मुडपला आहे. पुढचा नळ बंद असेल तर मुडपलेल्या जागेच्या अलीकडे आणि पलीकडे पाण्याचा दाब सारखाच. पाईप हाताला टणक लागेल आणि तुम्ही म्हणाल, पाणी तर भरपूर आहे. नळ उघडलात की मात्र करंगळीएवढी धार. मुडप तेव्हाच कळते, पाणी वाहायला लागल्यावर.

विजेतला दाब म्हणजे व्होल्ट आणि वाहणारं पाणी म्हणजे अँपिअर. गंजलेला टर्मिनल, सैल झालेली थिंबल (वायरच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी), आतून हिरवी पडलेली वायर ही सगळी पाईपाची मुडप. काही चालू नसताना मीटर लावलात तर तो पलीकडेही पुरे व्होल्ट दाखवेल आणि मेकॅनिक सांगेल, “सप्लाय ओके आहे.” सप्लाय ओके नसतो, फक्त नळ बंद असतो. म्हणून वायरिंगची तपासणी लोड, म्हणजे वीज खाणारी वस्तू, चालू असतानाच करायची.

सेल्फचं उदाहरण घ्या. समजा १२ व्होल्टची गाडी आहे आणि सेल्फ फिरताना २५० अँपिअर ओढतो. बॅटरीच्या टर्मिनलवर गंज चढून त्या सांध्यात ०.०१ ओहमचा अडथळा आला आहे. एका ओहमचा शंभरावा भाग, साध्या मीटरवर शून्यच दिसेल. पण २५० गुणिले ०.०१ म्हणजे २.५ व्होल्ट त्या एका सांध्यातच खर्च होतात. बॅटरी सेल्फ मारताना आधीच अकरा-साडेदहावर उतरलेली असते. सेल्फच्या वाट्याला उरतात आठ. सेल्फ कण्हतो, इंजिन पेटण्याइतका वेग येत नाही, आणि दोष बॅटरीवर जातो. ते २.५ व्होल्ट जातात कुठे? उष्णतेत. २.५ गुणिले २५० म्हणजे ६२५ वॅट, घरातल्या छोट्या इस्त्रीएवढी धग त्या सांध्यात तयार होते.

म्हणून बिनपैशाची तपासणी अशी: पाच-सात सेकंद सेल्फ मारा, चावी बंद करा आणि लगेच सांध्यांच्या जवळ हात न्या. दोन्ही टर्मिनल, अर्थिंगची केबल चेसिसला बसते ती जागा, सेल्फवरचे नट. जो सांधा इतरांपेक्षा गरम, तो दोषी. हात आधी जवळ नेऊन धग बघा, एकदम पकडू नका.

मीटर असेल तर आणखी पक्कं काम होतं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक काडी बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर म्हणजे पोलवर, दुसरी सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, डिझेल बंद ठेवून, म्हणजे इंजिन पेटणार नाही. मीटर जे दाखवेल ते वाटेत हरवलेले व्होल्ट. १२ व्होल्टच्या गाडीत एका बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक, त्याहून जास्त असेल तर वाटेत मुडप आहे. २४ व्होल्टच्या गाडीत साधारण एक व्होल्टपर्यंत चालतं. नंतर हेच अर्थिंगच्या बाजूला करा: बॅटरीचा निगेटिव्ह पोल आणि इंजिनाचा ब्लॉक. एकेक सांधा ओलांडत गेलं की कोणता सांधा खातो ते नेमकं सापडतं. आमच्यापैकी कितीतरी जण आधी सेल्फ उतरवतात, आर्मेचर बदलतात, आणि शेवटी एक गंजलेला नट निघतो. वाईट वाटतं ते याचंच.

सेल्फ काय बोलतो ते ऐका

चावी फिरवल्यावर ‘कट-कट-कट-कट’ असा मशीनसारखा आवाज आला तर सेल्फच्या सोलेनॉइडला दांडा ओढण्यापुरती वीज मिळते आहे. पण मोटर जोडली की दाब कोसळतो, दांडा सुटतो, दाब परत येतो, पुन्हा ओढतो. बॅटरी उतरली आहे किंवा जाड केबलचा सांधा खराब आहे.

एकच जड ‘टक’ आणि पुढे शांतता, लाईटही फारशी मंदावत नाही, तर सोलेनॉइडच्या आतला तांब्याचा काँटॅक्ट जळला असेल किंवा कार्बन ब्रश संपले असतील. लाईट एकदम मंदावली तर मोटर अडकली आहे.

काहीच आवाज नाही, तर बारीक वायरीच्या बाजूला बघा: इग्निशन स्विच, स्टार्टर रिले (थोड्या विजेवर चालून जास्त वीज जोडणारा स्विच), फ्यूज, काही गाड्यांत न्यूट्रलचा स्विच. आणि थंड असताना चालू होणारी, घाट चढून आल्यावर तापली की सेल्फ न घेणारी गाडी असेल, तर तांब्याचा एक स्वभाव लक्षात घ्या. तापमान दर अंशाने वाढलं की तांब्याचा अडथळा सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. सत्तर अंश जास्त तापलेल्या गुंडाळीत अडथळा पाव हिश्श्याहून जास्त वाढतो. थंडपणी जेमतेम निभावणारा दोष गरमपणी उघडा पडतो.

अर्थिंग

पॉझिटिव्हच्या वायरीकडे सगळे बघतात, निगेटिव्हकडे कोणी नाही. खरं तर गेलेली सगळी वीज परत बॅटरीकडे यावी लागते, आणि ती येते चेसिसच्या लोखंडातून. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं, म्हणून इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी लावतात. आपल्या दमट, खाऱ्या हवेत, विशेषतः वास्को-मुरगाव भागात वावरणाऱ्या गाड्यांत, ती पट्टी हिरवी पडून तंतू तंतू होते. ती तुटली की सेल्फची वीज परत यायला दुसरी वाट शोधते: ॲक्सिलरेटरची केबल, गिअरचा रॉड. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली तर दुसरा पुरावा नको.

आणखी एक चूक आपल्याकडे सर्रास होते. पासिंगच्या आधी चेसिसला रंग मारतात, आणि अर्थिंगचे बोल्ट खोलून थिंबलखालीही रंग जातो. रंगातून वीज जात नाही. बोल्टखालची जागा लखलखीत लोखंड दिसेपर्यंत घासायची, थिंबल आवळायची, आणि मगच वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेलीचा थर द्यायचा. क्रम उलटा नको.

माझ्यासारख्या २४ व्होल्टच्या गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. मोबाइलचा चार्जर, टेप किंवा केबिनची लाईट १२ व्होल्टची असते, म्हणून लोक एकाच बॅटरीवरून वायर काढतात. ती बॅटरी रोज थोडी थोडी जास्त उतरते. अल्टरनेटर (चालू इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) मात्र दोघींना एकत्र २८ व्होल्टच्या आसपास देतो. उतरलेली बॅटरी आपला वाटा पुरा घेऊ शकत नाही आणि दुसरीच्या डोक्यावर जास्त बसतो. एक कायम उपाशी, दुसरीचं पाणी उकळून आटतं. सहा-आठ महिन्यांत दोन्ही जातात. १२ व्होल्ट हवेच असतील तर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा. बॅटरी बदलताना दोन्ही एकाच वेळी, एकाच मापाच्या घ्या.

मापं लक्षात ठेवायला सोपी आहेत. रात्रभर उभ्या गाडीत एका बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला लावायची. गाडी चालू असताना १२ च्या गाडीत १३.८ ते १४.५, आणि २४ च्या गाडीत २७.६ ते २८.८ दिसलं पाहिजे. चार्जिंग बघण्यासाठी चालू गाडीचा टर्मिनल काढून बघायची सवय मात्र कृपया सोडा. टर्मिनल सुटताक्षणी अल्टरनेटरचे व्होल्ट झटक्यात कित्येक पट उसळतात आणि त्याचेच डायोड आणि रेग्युलेटर जाळतात. मीटर दोनतीनशे रुपयांत मिळतो.

केबिनमध्ये लावलेला दिवा

आता माझ्या गाडीकडे येतो.

वायरमनने दोन छोटे बल्ब घेतले, डॅशबोर्डच्या लाईटला असतात तसले. एकाची वायर त्याने इंजिनाजवळच्या स्टॉपरच्या टर्मिनलवर जोडली आणि खिडकीजवळून केबिनमध्ये आणली. दुसऱ्याची जोडली इग्निशन स्विचला जिथून मुख्य सप्लाय येतो तिथे. दोन्हींना बारीक फ्यूज, दोन्हींचं अर्थिंग थेट बॅटरीला. बल्ब स्टिअरिंगसमोर टेपने चिकटवले आणि मला म्हणाला, “आता रात्री चालव. बंद पडली की चावीला हात लावायच्या आधी दिव्यांकडे बघ. कुठला गेला ते मला सांग.”

मला हे फार आवडलं. महागडं यंत्र नाही, स्कॅनर नाही. दोष येईल तेव्हा तिथे कोणीतरी जागं असावं, एवढीच सोय. दोन्ही दिवे पेटलेले आणि गाडी बंद, तर वीज शेवटपर्यंत पोचते आहे; दोष सोलेनॉइडच्या आत किंवा डिझेलचा. पहिला गेला, दुसरा पेटलेला, तर इग्निशन स्विच ते स्टॉपर या पट्ट्यात कुठेतरी: स्विचचा आतला काँटॅक्ट, फ्यूज, केबिनच्या बिजागरीजवळ घासलेली वायर. दोन्ही गेले, तर स्विचच्याही मागे, बॅटरीकडून येणाऱ्या वाटेवर.

तिसऱ्या रात्री साखळीच्या अलीकडे गाडी मेली. दोन्ही दिवे एकदम गेले, क्षणभराने पुन्हा पेटले. पण इंजिन काही परत उठलं नाही.

ते का उठलं नाही, हेही त्याने समजावलं. माझ्या गाडीच्या स्टॉपरमध्ये दोन गुंडाळ्या आहेत. एक जोरकस, दांडा ओढण्यासाठी. तिला सेल्फ मारतानाच वीज मिळते. दुसरी हलकी, ओढलेला दांडा नुसता धरून ठेवण्यासाठी. ती चावी चालू असेपर्यंत जागी. चालत्या गाडीत वीज एक क्षण तुटली तरी दांडा सुटतो. वीज परत येते, पण धरून ठेवणाऱ्या गुंडाळीत दांडा लांबून ओढायची ताकद नसते. म्हणून पुन्हा सेल्फ मारेपर्यंत गाडी मेलेली राहते, आणि सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात चालू. चढावरच्या त्या रात्रीचं कोडं इथे सुटलं.

मग त्याने डॅशबोर्ड खोलून इग्निशन स्विच बाहेर ओढला. मागच्या मुख्य सप्लायच्या वायरची थिंबल स्विचच्या पात्यावर बसलेली होती. तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक भाजलेल्या पापडासारखं तपकिरी झालं होतं. थिंबलची तांबूस चमक जाऊन ती काळी-निळी पडली होती. त्याने बोटाने हलवली तर ती सहज डुलली, पकडच नव्हती. आधीच्या मालकाने हेडलाईटचा सप्लाय, जादा फोकस लाईट आणि वायपर सगळं त्याच एका थिंबलवरून घेतलं होतं.

हिशेब त्याने पाठीमागच्या फळीवर खडूने मांडला. लाईट आणि वायपर मिळून १० अँपिअर. सैल थिंबलचा अडथळा ०.३ ओहम धरा. उष्णता म्हणजे अँपिअर गुणिले अँपिअर गुणिले ओहम: १० गुणिले १० गुणिले ०.३, म्हणजे ३० वॅट. सोल्डरिंगचं साधं गन २५ वॅटचं असतं! नखाएवढ्या थिंबलला रोज रात्री सोल्डरिंग गन लावून ठेवल्यासारखं. तापून तिची स्प्रिंग मेली, पकड सैल झाली, अडथळा वाढला, आणखी तापली. खड्ड्यात गाडी आदळली की क्षणभर सुटायची. दिवसा तिच्यातून एक-दीड अँपिअर जायचा, तेव्हा ती थंड असायची आणि निमूट काम करायची. गॅरेजात गाडी दिवसाच जायची.

पाऊस म्हणून सगळ्यांनी पाणी कुठे शिरतं ते शोधलं होतं. पाण्याचा काही संबंध नव्हता. पाऊस आला की वायपर आणि लाईट लागतात, एवढाच पावसाचा वाटा.

दुरुस्ती दीड तासात झाली. नवा स्विच, वायर चार बोटं मागून कापून नवी थिंबल, क्रिम्पिंगच्या पकडीने दाबून. वायर कापल्यावर आतलं तांबं काळं दिसलं तर लाल-चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जायचं, काळ्या तांब्यावर थिंबल धरत नाही. हेडलाईट आणि फोकसला वेगळा रिले, त्याला बॅटरीजवळून फ्यूज लावून थेट सप्लाय. आता स्विचमधून रिलेची गुंडाळी चालवण्यापुरती किरकोळ वीज जाते. त्या दिवसापासून गाडी वाटेत बंद पडलेली नाही.

उभ्या राहिलेल्या गाड्या

आपल्या डिचोली-सत्तरी-सांगे भागात हा प्रश्न इतका का, याचं एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे. २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. हप्ते चालू असलेले कितीतरी ट्रक अंगणात, फणसाच्या झाडाखाली वर्षंच्या वर्षं उभे राहिले. एरवीही पावसाळ्याचे चार महिने खनिजाची वाहतूक नसते. उभी गाडी झिजत नाही असा समज आहे. वायरिंगच्या बाबतीत तो चूक आहे. वायरच्या उघड्या टोकातून दमट हवा आणि पाणी तंतूंमधून आत ओढलं जातं आणि तांबं आतून हिरवं होत जातं. बाहेरून रबर नवंकोरं. अशी वायर हाताने वाकवून बघा. निरोगी वायर लवचीक वळते, सडलेली एखाद्या ठिकाणी कडक लागते किंवा सुतळीसारखी पोकळ वाकते. भातशेतीच्या कडेला उभी गाडी असेल तर उंदरांचं काम वेगळंच. बॉनेटखाली भाताची तूसं दिसली की प्रत्येक वायर हाताळून बघायची.

गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करा. उतरलेली बॅटरी तशीच पडली की तिच्या पट्ट्यांवर कठीण पांढरा थर चढतो आणि मग ती पुरी भरतच नाही. टर्मिनल काढताना नेहमी निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून चेसिसला टेकला तरी ठिणगी उडत नाही. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तिथे विडी नको. २४ च्या गाडीला १२ च्या गाडीवरून जंप देऊ नका. टिपरची बॉडी उचलून खाली वायर शोधायची असेल तर आधी आधाराचा दांडा लावा, नुसत्या हायड्रॉलिकवर विसंबून डोकं आत घालू नका.

ज्यांच्या गाड्या कॉमन रेलच्या आहेत, त्यांना वर लिहिलेलं सेल्फचं, अर्थिंगचं आणि सांध्यांचं सगळं लागू आहे. पण त्यात डिझेल किती आणि कधी सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे इंजिन विजेवर कितीतरी जास्त अवलंबून असतं. फ्लायव्हीलजवळचा क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं कॉम्प्युटरला कळवणारा) तापल्यावर बोलेनासा झाला की गाडी अगदी माझ्यासारखीच स्वच्छ बंद पडते आणि थंड झाल्यावर चालू होते. तिथे स्कॅनर लावून कोड वाचायला हवाच. तरी स्कॅनरने एखाद्या सेन्सरचं नाव दाखवलं म्हणून सेन्सर लगेच विकत घेऊ नका. त्याचा प्लग काढा, पिना हिरव्या आहेत का बघा, कॉम्प्युटरचं अर्थिंग चेसिसला जिथे बसतं तो बोल्ट घासा, आणि गाडी चालू ठेवून वायरीचा जुडगा वीतभर अंतराअंतरावर हाताने हलवत जा. हाताखाली इंजिनाचा आवाज बदलला की तीच जागा.

आणि गाडी वायरमनकडे नेण्याआधी, बंद पडलेल्या प्रत्येक वेळी वहीत पाच गोष्टी लिहा: किती वाजले होते, किती वेळ चालली होती, पाऊस की कोरडं, लाईट-वायपर चालू होते का, आणि परत चालू व्हायला किती मिनिटं लागली. माझ्याकडे अशी वही असती तर पहिल्या चार ओळींतच ‘रात्र, रात्र, पाऊस, रात्र’ असं दिसलं असतं.